दुबईची ऑफर आणि चांगला पात्रांव

डिचोलीहून दुबईला अकाउंट्सच्या नोकरीला निघालोय, ऑफर आलीय, पात्रांव (मालक) चांगला वाटतो, तरी काय सांभाळू, असं विचारलंस. व्हिसा, मेडिकल, एमिरेट्स आयडी म्हणजे तिथलं ओळखपत्र, हे सगळं सरकारी साईटवर आहे, ते वाच. मी लिहितोय ते 'पात्रांव चांगला वाटतो' हे वाचून राहवलं नाही म्हणून.

ऑफरमध्ये एकूण पगार बघू नको, बेसिक बघ. 4000 दिरहॅम लिहितात, त्यात बेसिक 1500, बाकी सगळा अलाउन्स. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, बेसिकवर मिळते, पहिली 5 वर्षं वर्षाला 21 दिवसांचा पगार, म्हणजे 5 वर्षांचे झाले 5250. सगळे 4000 बेसिकमध्ये असते तर 14,000 झाले असते. आणि हे कायद्यात बसतं रे, फसवलं म्हणून ओरडताही येत नाही.

पासपोर्ट 'सेफ्टीसाठी' मागतील, देऊ नको, कंपनीला ठेवून घेता येत नाही. ओरिजिनल डिग्रीपण नाही. त्या डिग्रीवर आधी राज्याचा शिक्का, मग परराष्ट्र खात्याचा, मग यूएईच्या एम्बसीचा, मग इथे यूएईत आल्यावर इथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा, एवढं सगळं करून घेतल्यावर आमचा एचआर म्हणतो फाईलला ठेवा! व्हिजिट व्हिसावर 'तोपर्यंत काम सुरू कर' म्हणाले तर सरळ नाही म्हण.

तोंडी काही धरू नको. मला मुलीच्या शाळेची निम्मी फी कंपनी देणार म्हणून सांगितलं होतं, मी मेलवर विचारलं तर उत्तर आलं 'हो हो, बघू', मग तो माणूसच सोडून गेला आणि नवीन आला तो म्हणतो कॉन्ट्रॅक्टमध्ये कुठाय दाखवा. पोरीला तिसरीत वर्षाच्या मध्येच शाळेतून काढून स्वस्तातल्या शाळेत घातली. आता ती नववीत आहे, कधी काही बोलली नाही, पण जुन्या मैत्रिणीचा वाढदिवस आला की मला अजून त्या ऑफिसात जाऊन टेबल उलटं करावंसं वाटतं.

एकटेपणाचं विचारलंस, तर चवथीला, गणपतीत, रजा मिळाली नाही की वाईट वाटतं, एवढंच.

नोकरी सोडताना 'सगळं मिळालं' या कागदावर पैसे खात्यात आल्याशिवाय सही करू नको, शेवटच्या दिवसानंतर 14 दिवसांत हिशेब द्यावा लागतो त्यांना. सॅलरी स्लिप, ओव्हरटाइमचे मेसेज, सगळं स्वतःच्या मेलवर ठेव, ऑफिसचा मेल त्याच दिवशी बंद करतात.

या सगळ्याची सवय लागते आणि ती ऑफिसात राहत नाही. गेल्या वर्षी फोंड्याच्या घराच्या कामाला मेव्हण्याला पैसे पाठवले तर त्याच्याकडून पावती लिहून घेतली, सहीसकट. बायको म्हणाली तुला लाज कशी वाटत नाही. खरं सांगू, वाटली नाही. मेव्हणा अजून धड बोलत नाही.