एका खोलीतले चार वर्ग

प्रश्न : आमची शाळा रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीतली, जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी. एक मोठी खोली, पुढे पडवी, गुरुजी आणि बाई दोघंच. मी आता डोंबिवलीत असतो, मुलीला हे सांगितलं की ती म्हणते बाबा चार वर्ग एका खोलीत, मग शिकवायचे कसं, गोंधळ नाही का व्हायचा? बाई, तुम्ही अशाच शाळेत शिकलात आणि पुढे शिकवलंतही, जरा तिला समजेल असं सांगा ना.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दादा, आवाज व्हायचाच, आणि त्या आवाजातच तर आम्ही शिकलो! मुलीला सांगा की दोन शिक्षकांमध्ये बहुतेक ठिकाणी पहिली-दुसरी एकाकडे आणि तिसरी-चौथी दुसऱ्याकडे असायची, याला जोडवर्ग म्हणतात. गुरुजी चौथीला फळ्यावर गणित घालून द्यायचे, ते सोडवेपर्यंत तिसरीचं वाचन घ्यायचे, तिकडे बाई दुसरीला शुद्धलेखन देऊन पहिलीच्या पोरांचा हात धरून अक्षर गिरवून घ्यायच्या. आणि तालुक्याला मीटिंग असली की एकजण जायचा, मग चारही वर्ग एकाच माणसाकडे. अशा वेळी चौथीतली एखादी हुशार मुलगी पडवीत उभी राहून पाढे सांगायची आणि बाकीची पोरं एका सुरात मागून म्हणायची, बे एके बे, बे दुणे चार, पार रस्त्यापर्यंत ऐकू जायचं.

यात एक फार मोठी गोष्ट आपोआप होत होती. वरच्या वर्गाचं सगळं खालच्या वर्गाच्या कानावर पडायचं. चौथीचा इतिहास म्हणजे शिवाजी महाराज, तेव्हा गुरुजी चौथीच्या रांगेपुढे उभे राहून अफजलखानाचा प्रसंग सांगायला लागले की हळूहळू तिसरीचं वाचन थांबायचं, मग दुसरीची लेखणी थांबायची आणि शेवटी पहिलीतलं सगळ्यात लहान पोर पाटी मांडीवर घेऊन तोंड उघडं टाकून ऐकत बसायचं. गुरुजींना दिसत असायचं पण ते कोणाला कामाला लागा म्हणायचे नाहीत. मधल्या सुट्टीत शाळेमागच्या कातळावर प्रतापगड उभा राहायचा आणि खान व्हायला कोणी तयार नसायचं. आम्ही चौथीत पोचलो तेव्हा निम्म्या कविता आधीच पाठ होत्या. आणि ज्याला दुसरीत असताना पहिलीचं नीट आलं नसेल तो शेजारच्या रांगेत पुन्हा ऐकून घ्यायचा, कोणाला कळायचंही नाही. मोठ्या शाळेत मीही शिकवलंय, तिथे सोयी चांगल्या असतात, पण हे तिथे होत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्याकडे बाई होत्या म्हणालात. 1987 मध्ये केंद्र सरकारची खडू-फळा योजना सुरू झाली, तिच्यात प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या आणि दोन शिक्षक, त्यातली एक शक्यतो बाई, असं ठरलं होतं. नकाशे, पृथ्वीचा गोल, वाद्यं असं साहित्यही त्यातून शाळांना मिळालं. तोवर कित्येक वाड्यांमध्ये एकच गुरुजी सगळं ओढत होते. खरंच सांगते, त्या एकशिक्षकी शाळांतल्या गुरुजींचे उपकार कोकण विसरणार नाही.

आणि हो, फळा! मुलीला फळ्याचं नक्की सांगा. बॅटरीचे जुने सेल फोडून आतली काळी पूड काढायची, पाल्याच्या रसात कालवायची आणि फडक्याने फळ्यावर चढवायची, एक हात सुकला की दुसरा. मग दुसऱ्या दिवशी त्या काळ्याभोर फळ्यावर गुरुजी तारीख लिहायचे तो पांढरा खडू इतका उठून दिसायचा की आम्ही उगाच बघत बसायचो. शनिवारी शेणाने जमीन सारवायची, मुलांनी पऱ्यावरून, म्हणजे ओढ्यावरून, पाणी आणायचं आणि मुलींनी सारवायचं, ही वाटणी मला तेव्हाही पटत नव्हती, पुढे मी शिक्षिका झाल्यावर माझ्या शाळेत मुलांनाही सारवायला लावलं. दसऱ्याला पाटीवर एकच्या आकड्यांनी सरस्वती काढून तिच्यावर झेंडूची फुलं वाहायची, पाटी तुमच्याकडे नसली तरी मुलीला वहीत काढून दाखवा, तिला आवडेल.

प्रश्न : मला आठवतं शाळेतून तांदूळ घरी मिळायचे, माझा धाकटा भाऊ म्हणतो खिचडी मिळायची. शाळा एकच, खरं कोणाचं?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, दोघांचंही खरं. शाळेतल्या पोषण आहाराची योजना 15 ऑगस्ट 1995 ला सुरू झाली तेव्हा महिन्यात 80 टक्के हजेरी असलेल्या मुलाला 3 किलो तांदूळ घरी द्यायचे. वाटपाच्या दिवशी पिशवी घेऊन आई किंवा आजी यायची, सही नाहीतर अंगठा व्हायचा. नंतर 2001 मध्ये सुप्रीम कोर्टाने शिजवलेलंच अन्न द्या असा आदेश दिला आणि मग हळूहळू शाळेत चूल पेटली. भाऊ धाकटा म्हणजे त्याच्या वाट्याला खिचडी आली.

प्रश्न : आमच्या शाळेचा पट आता दहाच्या आत आलाय, बंद होणार अशी चर्चा आहे. आम्ही माजी विद्यार्थी गणपतीला गावी जमतो तेव्हा मेळावा करायचा विचार आहे. हारतुरे आणि भाषणं नकोत, काही कामाचं सुचवा.
– वाडीतले माजी विद्यार्थी, सध्या मुंबई-ठाणे

उत्तर : तुमचं पत्र वाचून बरं वाटलं. पहिलं काम, मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन शाळेचं जनरल रजिस्टर आणि जुनी शेरेबुकं बघा. रजिस्टरमध्ये तुमच्या आजोबांपासून सगळ्यांची नावं सापडतील आणि कितीतरी जणांचा वाढदिवस 1 जून दिसेल, कारण घरी तारीख माहीत नसली की गुरुजी तीच टाकायचे. शेरेबुकात तपासणीला आलेल्या साहेबांचे शेरे असतात, शाळेचा इतिहास तिथेच मिळतो. पानं फाटायला आली असतील, म्हणून त्यांचे नीट फोटो काढून ठेवायची परवानगी मागा. जुने गुरुजी-बाई हयात असतील तर त्यांच्या घरी जाऊन मोबाईलवर रेकॉर्डिंग करा, पुढच्या वर्षी करू असं म्हणू नका.

दुसरं, नुसत्या चर्चेवर हातपाय गाळू नका. 2023 मध्ये शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचा, म्हणजे आसपासच्या लहान शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करण्याचा, विचार पुढे आणला, त्याला राज्यभर विरोध झाला. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, पावसात पऱ्याला पाणी आलं की लहान पोरं पलीकडे जाऊ शकत नाहीत हे लेखी मांडा, शाळा व्यवस्थापन समितीचा आणि ग्रामसभेचा ठराव घ्या. ठराव नसेल तर नुसत्या भावना कोणी ऐकत नाही.

आणि मेळावा गणपतीत नको, तेव्हा शाळेला सुट्टी असते. शिमग्याला पालखी घरोघर फिरते तेव्हाही तुम्ही गावी असताच आणि शाळाही चालू असते, तो दिवस धरा. आत्ता शिकणाऱ्या पोरांना पुढे बसवा, तुम्ही मागे बसा, आणि एक तास त्यांच्या बाईंना नेहमीसारखं शिकवू द्या.