आई पडत होती आणि आम्ही फक्त गुडघे तपासत होतो

आपले वडील तीन महिन्यांत दोनदा पडले, गुडघे आणि रक्तदाब तपासूनही काही निघाले नाही, आणि टीव्हीचा आवाज मात्र शेजारच्या घरापर्यंत जातो, असे आपण लिहिले आहे. ते वाचून डिचोलीच्या आमच्या घरातले पाच वर्षांपूर्वीचे दिवस आठवले. मी डॉक्टर नाही. एक मुलगा म्हणून जे पाहिले तेवढेच लिहितो. न्हाणीघरातील कठडे, रात्रीचा दिवा हे आपण केलेच असेल.

माझी आई पावसाळ्यात मागच्या चिऱ्यांच्या पायऱ्या उतरत असताना मी पाठीमागून काही विचारले. नीट ऐकू न आल्यामुळे माझ्या ओठांकडे पाहण्यासाठी तिने मान वळवली आणि शेवाळलेल्या पायरीवरचा पाय सुटला. मनगट मोडले. आम्ही दोष शेवाळाला दिला.

तोल सांभाळणारी इंद्रिये आणि ऐकण्याचे इंद्रिय आतील कानात शेजारी शेजारी असतात आणि एकाच मज्जातंतूने मेंदूशी जोडलेले असतात, हे मला नंतर कळले. शिवाय शब्द पकडण्यातच मेंदू गुंतला की चालण्याकडे लक्ष कमी उरते, आणि पाठीमागच्या स्कूटरची चाहूलही लागत नाही. अमेरिकेत फ्रँक लिन आणि लुईजी फेरुची या संशोधकांनी 40 ते 69 वयाच्या 2,017 व्यक्तींची माहिती अभ्यासून 2012 मध्ये दाखवले, की 25 डेसिबलची, म्हणजे ऐकण्याची सौम्य कमतरता असलेल्यांत पडण्याची शक्यता जवळजवळ तिप्पट होती. हा केवळ संबंध आहे, कारण सिद्ध झालेले नाही, हेही सांगायला हवे.

आमची खरी चूक पुढे झाली. श्रवणयंत्र सरकारी योजनेतून मिळेल, त्यासाठी अपंगत्वाचा दाखला काढा, असे कोणीतरी सुचवले, आणि आम्ही यंत्र घेणे थांबवून एका कार्यालयाच्या फेऱ्या सुरू केल्या. प्रत्येक वेळी नवा कागद मागितला गेला. आईची कमतरता दोन्ही कानांत 55 डेसिबलच्या आसपास होती आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार श्रवणदोषासाठी दोन्ही कानांत किमान 60 डेसिबल लागतात, हे ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, पहिल्याच दिवशी समोर असूनही कोणी सांगितले नाही. सात महिने गेले, आणि त्या काळात ती पुन्हा पडली, या वेळी कमरेवर. त्या टेबलावरच्या माणसाने एक वाक्य उच्चारले असते तर, हा विचार अजूनही मला सोडत नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की दाखल्याचे काम स्वतंत्रपणे चालू द्यावे आणि यंत्रासाठी त्याची वाट पाहू नये. आधी कानातील मळ काढून घ्यावा, मग ऑडिओग्राम. यंत्र कपाटात ठेवण्यासाठी नसते. आईला रोज काही तास लावण्याची सवय लागायला दोन महिने गेले. आपल्याकडच्या दमट हवेत ते रात्री सिलिका जेलच्या डबीत, बॅटरी काढून ठेवावे. वडील झोपेची गोळी घेत असतील तर तेही डॉक्टरांना सांगावे, कारण सगळेच पडणे कानामुळे नसते. आणि त्यांचा एक कान अचानक बंद झाला असेल, तर मात्र हे सर्व बाजूला ठेवून त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्यावे.