आफ्रिकेतल्या गरीब मुलांना खेळातून खरंच काही शिकवता येतं का? आम्ही मित्र फुटबॉल आणि बूट पाठवायचं म्हणतोय.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. खेळातून शिकवणाऱ्या संस्था खरंच काही करतात की नुसते फोटो काढतात, हा पहिला. तुम्ही सात-आठ मित्रांनी वर्गणी काढून चेंडू-बूट पाठवले तर उपयोग होईल का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर छोटं आहे, ते शेवटी देतो.

आधी एक कबुली. आफ्रिका म्हणजे चौपन्न देश, आणि मला त्यातला एकच जरा जवळून माहीत आहे. नोकरीनिमित्त मी चार वर्षं नैरोबीत होतो, पार्कलँड्समध्ये राहायचो. त्यामुळे बरंचसं बोलणं केनियाचं होईल, बाकीचं वाचून आणि ऐकून.

पार्कलँड्सपासून गाडीने थोड्याच अंतरावर माथारे नावाची वस्ती आहे. जुन्या दगडखाणीचा खोलगट भाग, मधून माथारे नदी (नदी म्हणायचं ते केवळ नाव आहे म्हणून), दोन्ही बाजूंना पत्र्याची घरं आणि काठाकाठाने ‘चांगा’ नावाच्या हातभट्टीचा धूर. जवळच मुथाइगा, म्हणजे राजदूतांचे बंगले आणि गोल्फचं मैदान. मुंबईकराला हे दृश्य नवं नाही.

१९८७ साली बॉब मन्रो नावाचे एक कॅनेडियन गृहस्थ या वस्तीत पोरांचा खेळ बघत होते. ते संयुक्त राष्ट्रांसाठी पर्यावरणाचं काम करायचे. पोरांचा चेंडू प्लास्टिकच्या पिशव्या दोरीने आवळून केलेला. आपल्याकडे चिंध्यांचा चेंडू करायचे, तसाच. (२०१७ मध्ये केनियाने प्लास्टिक पिशव्यांवर कडक बंदी आणली, तेव्हा आमच्या ऑफिसच्या ड्रायव्हरने पहिला प्रश्न विचारला होता, ‘मग आता पोरं चेंडू कशाचा करणार?’) मन्रो यांनी पोरांशी सौदा केला. मी खरे चेंडू आणतो, पंच आणतो, लीग भरवतो; तुम्ही वस्तीतला कचरा आणि तुंबलेली गटारं साफ करा. त्यातून माथारे यूथ स्पोर्ट्स असोसिएशन उभी राहिली. सगळे तिला ‘मायसा’ म्हणतात.

इथवर ऐकलं की वाटतं, एका भल्या माणसाने चेंडू वाटले, छान. पण खरी करामत पुढे आहे. या लीगमध्ये मॅच जिंकली की तीन गुण मिळतात, आणि संघाने ठरलेली सफाई पूर्ण केली की सहा. म्हणजे एखादा संघ मैदानावर कितीही भारी असला तरी गटारात न उतरता त्याला लीग जिंकणं अवघड. शनिवारी सकाळी फावडी, घमेली आणि हातगाडी घेऊन निघालेली बारा-तेरा वर्षांची पोरं पाहिली की बाहेरच्याला ती शिक्षा वाटते. त्यांच्या लेखी ते गुणतक्त्यावरचे सहा गुण असतात.

तो ड्रायव्हर स्वतः माथारेतच वाढलेला, लहानपणी मायसाच्या लीगमध्ये बचाव फळीत खेळलेला. थिका रोडच्या ट्रॅफिकमध्ये तासन् तास अडकायचो, तेव्हा त्याच्या गोष्टी ऐकल्या. त्यातली एक मी अनेकांना सांगितली आहे. चौदा वर्षांचा असताना त्याने पंचाला शिवी हासडली आणि त्याला लाल कार्ड मिळालं. मायसात लाल कार्ड मिळालं की नुसतं बाहेर बसून भागत नाही. परत खेळायचं असेल तर आधी लहान मुलांच्या मॅचेसना पंच म्हणून उभं राहावं लागतं. तो म्हणाला, ‘बॉस, पहिल्याच मॅचला नऊ वर्षांची पोरं माझ्यावर तुटून पडली, ऑफसाइड होता म्हणून. मला रडू यायचं बाकी होतं. त्या दिवसापासून मी पंचाशी वाद घातला नाही.’ तिथे पंचाशी बोलायचा हक्कही फक्त कर्णधाराला असतो. आणि सगळ्यात सभ्य खेळणाऱ्याला हिरवं कार्ड मिळतं.

मूल्यशिक्षणाचा तास मीही शाळेत बसून काढला आहे. त्यातलं एक वाक्य आठवत नाही. याला मात्र वीस वर्षांनंतर त्या मॅचचा स्कोअर पाठ होता.

दुसरी गोष्ट शाळेच्या फीची. केनियात प्राथमिक शाळा २००३ पासून मोफत झाल्या, पण वस्तीतल्या मुलाचं शिक्षण अडतं ते माध्यमिकच्या फीवर. मायसात सफाई, लहानांचं कोचिंग, पंचगिरी, एड्सविषयी माहिती देण्याचं काम या सगळ्याची नोंद ठेवतात आणि ज्याचं काम जास्त त्याला शिष्यवृत्ती मिळते. पैसे मुलाच्या किंवा पालकांच्या हातात देत नाहीत, थेट शाळेत भरतात. इथे गोल किती केले याला किंमत नाही. बेताचा खेळणारा, पण दर शनिवारी न चुकता लहानांची मॅच लावणारा मुलगा शिष्यवृत्ती मिळवतो आणि वस्तीतला हिरो बघत राहतो.

आणि हे सगळं चालवतं कोण? बहुतांशी पोरंच. वस्तीचे विभाग पाडलेले आहेत, प्रत्येकातून मुलं निवडून येतात, वेळापत्रक लावतात, हिशोब ठेवतात, भांडणं मिटवतात. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा दहा-बारा संघांची लीग सांभाळतोय, हे तिथे कौतुकाने सांगायची गोष्टसुद्धा नाही. माझ्या मते संस्थेचं खरं शिक्षण हेच. फुटबॉल हा ते सगळं करायला लावण्याचा बहाणा.

खेळाची बाजूही काही लेचीपेची नाही. १९९४ मध्ये त्यांनी माथारे युनायटेड नावाचा मोठ्यांचा क्लब काढला. त्याने १९९८ आणि २००० मध्ये देशाचा करंडक जिंकला आणि २००८ मध्ये केनियाची प्रीमियर लीग. या खेळाडूंनाही वस्तीत ठरावीक तास काम करावं लागायचं, लहानांना शिकवावं लागायचं.

मुलींचं फुटबॉल मायसात १९९२ मध्ये सुरू झालं. मुलींना मैदानावर आणणं हे मुलांपेक्षा कितीतरी कठीण. पाणी भरायचं, धाकटी भावंडं सांभाळायची, कपडे धुवायचे. दुपारी चारला खेळायला सोडतंय कोण? केनियाच्या किनाऱ्यावर किलिफी इथे २००१ पासून ‘मूव्हिंग द गोलपोस्ट्स’ ही संस्था फक्त मुलींसाठी काम करते. तिथे पंच मुली, कोच मुली, हिशोबनीस मुली. मैदानाच्या कडेला बसून पाळीबद्दल, लवकर होणाऱ्या लग्नांबद्दल, शाळा सुटण्याबद्दल बोलणं होतं. वर्गात हे विषय काढले की सगळ्या माना खाली. चेंडू लाथाडून घामाघूम झाल्यावर त्याच मुली बोलायला लागतात. असं का होतं ते मला नीट सांगता येणार नाही, पण दोन धाकट्या बहिणींचा भाऊ म्हणून पटतं.

खेळाच्या आतच धडा कसा बसवतात याचं मला सर्वांत आवडलेलं उदाहरण झिम्बाब्वेतलं आहे. टॉमी क्लार्क नावाचा मुलगा वडिलांच्या कोचिंगच्या नोकरीमुळे काही काळ बुलावायोत राहिला. पुढे स्वतः तिथे खेळला, शिकवलं. त्याच्याबरोबर खेळलेले काहीजण एड्सने गेले आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हतं. त्या काळात झिम्बाब्वेत प्रौढांपैकी जवळपास चारातल्या एकाला एचआयव्हीची लागण होती. क्लार्क पुढे बालरोगतज्ज्ञ झाला आणि २००२ मध्ये त्याने मित्रांबरोबर ‘ग्रासरूट सॉकर’ सुरू केली.

त्यांचा एक खेळ असा. मैदानात शंकू मांडायचे, प्रत्येक शंकू म्हणजे एक धोका: निरोध न वापरणं, एकाच वेळी अनेक जोडीदार, भेटवस्तू देऊन शाळकरी मुलींना नादी लावणारा वयस्क माणूस. चेंडू शंकूंमधून नागमोडी न्यायचा. पहिल्या फेरीत चेंडू शंकूला लागला तर त्या खेळाडूने जोर काढायचे. दुसऱ्या फेरीत एकाचा चेंडू लागला की त्याच्या सगळ्या संघाने जोर काढायचे. मग कोच विचारतो, ‘तुम्ही का जोर काढलेत? चूक तर त्याची होती ना?’ पोरं म्हणतात, आम्ही त्याचे म्हणून. आजार एकाला होतो आणि भोगतं सगळं घर, हे सांगायला मग वेगळ्या भाषणाची गरज उरत नाही. शिकवणारे कोच त्याच वस्तीतले, पोरांपेक्षा पाच-सात वर्षांनी मोठे. सफेद कोट घातलेला डॉक्टर हेच सांगायला आला असता तर पोरं खिडकीबाहेर बघत बसली असती.

आता थोडं थंड पाणी. खेळाने मुलं आपोआप सुधारतात, हे खरं नाही. स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठातले अभ्यासक फ्रेड कोल्टर यांनी पूर्व आफ्रिका आणि भारतातले असे काही कार्यक्रम तपासले, त्यात आपल्या मुंबईची ‘मॅजिक बस’ ही संस्थाही होती. त्यांना दिसलं ते मजेशीर होतं. गरीब मुलांचा आत्मविश्वास खचलेला असतो हे गृहीतकच लंगडं निघालं. सुरुवातीलाच बऱ्याच मुलांचा आत्मविश्वास चांगला होता. ज्यांचा कमी होता त्यांचा कार्यक्रमानंतर बहुधा वाढला, ज्यांचा जास्त होता त्यांचा थोडा उतरला. उतरणं वाईटच असं नाही, स्वतःबद्दलचा अंदाज खरा होणं हेही शिक्षणच. पण देणगीदारांच्या चकचकीत अहवालात हे छापून येत नाही. तिथे प्रत्येक मुलगा आधी दुःखी आणि नंतर हसरा असतो.

दुसरा धोका मोठा आहे. फुटबॉल म्हटलं की पोरांच्या आणि त्याहून आईबापांच्या डोळ्यांसमोर युरोप येतो. घानातली ‘राइट टू ड्रीम’ अकादमी १९९९ पासून मुलांना निवडून खेळ आणि शाळा दोन्ही देते. अक्राच्या निमा वस्तीतला मोहम्मद कुदूस तिथूनच डेन्मार्कमार्गे नेदरलँड्सच्या आयॅक्स क्लबात आणि मग इंग्लंडला पोचला. उत्तम. पण तो एक कुदूस झाला, आणि त्याच स्वप्नाच्या जोरावर बनावट एजंटांचा धंदा पश्चिम आफ्रिकेत जोरात चालतो. घरच्यांना जमीन विकायला लावून पैसे घ्यायचे, पोराला विमानात बसवायचं आणि परक्या शहरात सोडून द्यायचं. अशा मुलांसाठी कॅमेरूनचे माजी खेळाडू जाँ-क्लोद म्बवूमाँ यांनी फ्रान्समध्ये वेगळी संस्थाच काढली. म्हणून ज्या संस्थेच्या पत्रकावर ‘उद्याचे स्टार’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, तिथे मी जरा सावध होतो. लीगमधून उद्या सुतार, नर्स, शिक्षिका आणि आमच्या ऑफिसचा ड्रायव्हर तयार होतो. ते छापायला कोणाला सुचत नाही.

तर संस्था खरी की फोटोवाली, हे ओळखायला मी दोन गोष्टी विचारीन. मॅच नसते त्या दिवशी तुमच्याकडे काय चालतं? आणि पाच वर्षांपूर्वी खेळायला आलेल्यांपैकी आज किती जण तुमच्याकडे काही जबाबदारी सांभाळतात? पहिल्या प्रश्नाला गोंधळ आणि दुसऱ्याला शांतता असेल, तर तुमची वर्गणी तुमच्याकडेच राहू द्या.

आता बूट. चेंडू पाठवण्याला मी हसत नाही. नॉर्वेचा स्पीड स्केटर (बर्फावरच्या स्केटिंग शर्यतींचा खेळाडू) योहान ओलाव कोस १९९४ च्या लिलेहॅमर हिवाळी ऑलिम्पिकआधी इरिट्रियात गेला होता. तिथे पोरं एका लांब बाह्यांच्या शर्टाची गुंडाळी करून, बाह्यांनीच गाठ मारून चेंडू करत होती. ज्याचा तो शर्ट, त्याला भारी भाव. कोसने लिलेहॅमरला तीन सुवर्णपदकं जिंकली, पैसे दिले, लोकांकडून गोळा केले आणि क्रीडासाहित्य भरून परत इरिट्रियात गेला. उपाशी देशात फुटबॉल कसले नेताय, अशी टीका झाली. तिथल्या लोकांना मात्र त्याचं अप्रूप वाटलं. पण त्याचीच संस्था पुढे सामान वाटण्यावरून माणसं तयार करण्याकडे वळली. तीच आजची ‘राइट टू प्ले’.

नैरोबीला गिकोंबा नावाचा जुन्या कपड्यांचा प्रचंड बाजार आहे. जुने कपडे-बूट म्हणजे तिकडे ‘मितुम्बा’. युरोपातून गठ्ठेच्या गठ्ठे येतात, त्यात फुटबॉलचे बूटही मिळतात. तुमच्या पार्सलच्या कुरियर आणि कस्टमच्या खर्चात तिथे बहुधा जास्त जोड्या येतील, आणि पैसा तिथल्याच दुकानदाराच्या खिशात जाईल. म्हणून पाठवायचेच तर पैसे पाठवा, आणि तेही एखाद्या संघाच्या वर्षभराच्या पंचांच्या मानधनासाठी किंवा एका मुलीच्या फीसाठी, असं स्पष्ट लिहून.

त्याआधी एक काम करा. नागपूरला जाऊन या. हिस्लॉप कॉलेजचे निवृत्त क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये पावसात फुटकी बादली लाथाडणारी पोरं पाहिली आणि त्यातून ‘स्लम सॉकर’ उभी राहिली. २०१६ मध्ये तिला फिफाचा पुरस्कारही मिळाला. पुण्याहून रात्रीची गाडी पकडली की सकाळी पोचाल. एक दिवस नुसते मैदानाच्या कडेला बसा, चहा प्या, पोरांशी गप्पा मारा. नैरोबीला नेमकं काय विचारायचं ते परतीच्या गाडीत तुमचं तुम्हालाच सुचेल.

आणि एवढं सगळं वाचूनही बूटच पाठवणार असाल तर प्रत्येक जोडी लेसने एकमेकींना बांधून पाठवा. एका सोसायटीने जमवलेली अशी एक मोठी पेटी मी स्वतः उघडून लावली आहे. एकवीस बूट डाव्या पायाचे निघाले.