तिसऱ्या बॅचमधल्या पोरीस

पोरी,

रात्री पाऊण वाजता टाकलेला तुझा मेसेज मी पहाटे पाहिला. लातूरच्या नीटच्या क्लासमध्ये रविवारच्या टेस्टनंतर तुला पहिल्या बॅचमधून थेट तिसरीत टाकलं, आईला तू ताप आलाय म्हणून सांगितलंस, आणि मला विचारतेस, ‘मावशी, मी ढ आहे का?’ नाहीस, हे तुलाही ठाऊक आहे. त्यावर मी शाई घालवणार नाही.

पेपरचा फोटो जोडलास ते मात्र बरं केलंस. चष्मा लावून एकेक प्रश्न पाहिला. १४ ग्रॅम नायट्रोजन, ४ ग्रॅम हायड्रोजन, अमोनिया किती? तू खूण केलीस २२.६७ ग्रॅमवर. अगं, १४ आणि ४ मिळून होतात १८! अठरा ग्रॅम मालातून बावीस ग्रॅम अमोनिया काढणारी तू पहिलीच. ग्रॅम कमी दिसले म्हणून हायड्रोजन आधी संपणार, असं तू धरलंस. पण कोण आधी संपतं ते मोलमध्ये, म्हणजे कणांच्या संख्येत बघायचं. नायट्रोजन अर्धा मोल, त्याला हायड्रोजन लागतो दीड मोल, तुझ्याकडे आहे दोन. संपतो नायट्रोजन. अमोनिया १७ ग्रॅम. म्हणजे मोल तुला जूनमध्येच कळला नव्हता, आणि आता नोव्हेंबर आहे. मधल्या पाच महिन्यांत ‘सर, हे कळलं नाही’ हे चार शब्द किती वेळा तोंडातून निघाले?

एकदाही नाही. मला माहीत आहे, कारण माझ्याही निघाले नव्हते.

१९९१ साली मी बारावीला होते. तेव्हा सीईटी नव्हती, नीट तर नव्हतीच. मेडिकलचं सगळं बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीच्या मार्कांवर ठरायचं. शिकवणीचे सर तास संपताना विचारायचे, ‘कुणाला शंका?’ सगळा वर्ग चिडीचूप. आणि मी तर दहावीला तालुक्यात पहिली आलेली. मी कसा हात वर करणार? मीसुद्धा मोलपाशीच अडले होते, हसू नकोस. अकरावी घोकून काढली. बारावीत सोल्युशन्सच्या धड्याला ती उधारी व्याजासकट वसूल झाली. मेडिकल थोडक्यात हुकलं. घरचे म्हणाले, नशीब. नशीब कसलं डोंबलाचं! एक हात वर केला नाही, एवढंच.

मग केमिस्ट्रीच शिकवली, अठ्ठावीस वर्षं. माझ्या वर्गात एक नियम होता: कुणीतरी ‘कळलं नाही’ म्हणेपर्यंत मी पुढचा धडा उघडत नसे. पोर्शन मागे पडायचा. मला बोलावून समज दिली जायची. माझ्या विषयाचा निकाल कधी शंभर टक्के लागला नाही आणि शेजारच्या तुकडीचा लागायचा, हे मला दरवर्षी ऐकवलं गेलं. मी नियम बदलला नाही. चुकलं असेल माझं. दोन-चार पोरांचं नुकसानही झालं असेल. पण माझ्याकडे शिकलेली पोरं आजही फोन करून बिनदिक्कत म्हणतात, ‘मॅडम, हे कळलं नाही.’ असो. पत्र तुझ्याबद्दल आहे.

लातूरला तू गेलीस ती पॅटर्नचं नाव ऐकून. त्या पॅटर्नचा कणा काय? सराव परीक्षा. आठवड्याला परीक्षा, का? कुठे अडलंय ते लवकर दिसावं म्हणून. तुम्ही पोरं मात्र भिंतीवरच्या यादीत आपलं नाव कितवं ते बघता आणि पेपर दप्तरात कोंबता. अख्ख्या ट्यूशन एरियात तेच. २०२४ साली नीटला २३ लाखांवर मुलं बसली. त्यातलं कोण कुठे आहे हे बघत बसलीस तर मोल कधी बघणार?

निगेटिव्ह मार्किंगचंही सांगते. बरोबर उत्तराला ४, चुकलं तर वजा १, सोडलं तर शून्य. आंधळा तुक्कासुद्धा सरासरीत पाव मार्काने फायद्याचा असतो, हे गणित तू मला तोंडावर फेकशील, ठाऊक आहे. बरोबर आहे ते. पण तुझे वजा झालेले प्रश्न मी मोजले. त्यात आंधळा तुक्का एकही नाही. सगळे ‘येतंय की मला’ म्हणून सोडवलेले आहेत. न कळलेलं कळल्यासारखं दाखवायची सवय आधी दुसऱ्यांसाठी लागते, मग आपण स्वतःलाच फसवायला लागतो.

आणि तूच लिहिलंयस की तिसऱ्या बॅचचे सर सावकाश शिकवतात. मग रडतेस कशाला? तिथे विचार! पहिल्या बॅचमध्ये कुणी विचारू दिलं असतं?

एकच गोष्ट वेगळी. रात्री नुसतं रडू येत असेल, जेवण जात नसेल, तर तेही ‘कळत नाही’ म्हणूनच कुणाला तरी सांगायचं. मला कितीही वाजता फोन कर. मी झोपेत असले तर १४४१६ लाव. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. यात लाज बाळगलीस तर मी तिथे येऊन कान धरीन.

उद्याच्या तासाला हात वर कर. झालं की मला नुसतं ‘विचारलं’ एवढंच पाठव. सरांनी काय उत्तर दिलं ते रविवारी बोलू.

तुझी,
मावशी

ता. क. आईशी मी काही बोललेले नाही. तापाचं तूच सांगायचंस.