फ्रान्समधली तार्न नदीची घळई गाडीतून एका दिवसात पाहून होते का? चालायलाच हवं का?

होते. आमच्या भावजींची झाली. मियोचा 343 मीटर उंच पूल पाहिला, घळईच्या रस्त्याने गाडी दामटली, सँत-एनिमीत कॉफी घेतली, संपलं. मी माँपेलियेला राहते, त्यामुळे पाहुण्यांची ही घाई मला पाठ आहे.

त्या दिवशी ताई आणि मी हट्टाने सँ-शेलीला उतरलो आणि डाव्या काठाच्या पायवाटेने ला मालेनकडे निघालो. भावजी गाडीतून पुढे. ‘नदी तीच, डोंगर तेच, तंगडतोड कशाला?’

वाटेत ओतरीव लागतं. मूठभर दगडी घरं, छपरांवरही चुनखडीच्या जाड फरश्या. या गावाला गाडीरस्ता नाही. रस्ता समोरच्या काठावर. सामान तिकडून तारेवरच्या पाळण्यातून नदी ओलांडून येतं. आम्ही पोचलो तेव्हा एक पाळणा कुरकुरत येत होता. आत गॅसची टाकी आणि बटाट्यांचं पोतं. तेवढ्यात पलीकडून हॉर्न. भावजी! गाडीला टेकून हातवारे करत होते, ‘या इकडे’. मध्ये अख्खी नदी. ताईने डबा उघडला आणि त्यांना दाखवून दाखवून थालीपीठ खाल्लं.

तरी आजही लग्नाकार्यात ते ऐकवतात, ‘मी सगळं गाडीतून पाहिलं.’ काय पाहिलं? तो रस्ताच मुळात विसाव्या शतकातला. त्याआधी ही गावं शेकडो वर्षं पायवाटा आणि होड्यांवर जगली. गाडीतून त्यांची पाठ दिसते. शिवाय वर बघायला मान मोकळी हवी. इथली गिधाडं नामशेष झाली होती, 1981 पासून पुन्हा सोडली. आता ती कड्यांवर घिरट्या घालतात, विशेषतः शेजारच्या जोंत नदीच्या घळईत. आपल्याकडची गिधाडं कशी गेली ते आठवून पोटात तुटतं.

तेव्हा दोन दिवस काढा, मुक्काम सँत-एनिमीत. ऑगस्टमध्ये जाऊ नका, नदीत पाण्यापेक्षा कनू, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होड्या, जास्त असतात. मे-जून उत्तम.

हां, पाऊस झाला असेल तर चुनखडीवर पाय सरकतो, आणि शरद ऋतूत या भागात ढगफुटीसारखा पाऊस होतो, तेव्हा हवामान बघूनच निघा. पाणी सोबत न्या. गुडघे खरंच दुखत असतील तर ला मालेनहून नावाड्यांच्या होड्या सुटतात. घळईचा सगळ्यात अरुंद भाग त्यातूनच नीट दिसतो. भावजींना हेही सुचवलं होतं. म्हणाले, पार्किंगची वेळ संपतेय.