थायरॉइडच्या गोळीने फुफ्फुसात रक्त: दावा कोणावर?

चोपडा तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. बायकोचं थायरॉइड वाढलेलं, म्हणून दोन वर्षं प्रोपिलथायोयुरॅसिलची गोळी चालू होती. थुंकीतून रक्त पडू लागलं. गावच्या डॉक्टरांकडे तीनदा नेलं. ‘केळीवरच्या फवारणीची ॲलर्जी’ म्हणून सिरप मिळालं. शेवटी नाशिकला कळलं, गोळीमुळे फुफ्फुसात रक्तस्राव. बिल पावणेचार लाख. वहिनी आता बऱ्या आहेत. डॉक्टर आणि औषध कंपनी, दोघांवर केस होईल का, आते काय करानं?

भाऊ, कंपनीचा नाद सोडा. या गोळीने क्वचित कुणाच्या बारीक रक्तवाहिन्या सुजतात आणि फुफ्फुसात रक्त उतरतं, हे वैद्यकशास्त्राला जुनंच ठाऊक आहे. औषध चिठ्ठीवरचं, कंपनीने डॉक्टरांपर्यंत इशारा पोहोचवला असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चं कलम ८७ तिला वाचवतं. ‘डॉक्टरांनी आधी सांगितलंच नाही’ हेही एकटं पुरणार नाही. दूरचे, क्वचितचे धोके सांगण्याचं बंधन डॉक्टरांवर नाही, असं सुप्रीम कोर्टाने समीरा कोहली प्रकरणात २००८ सालीच म्हटलंय.

तुमची खरी केस तुम्ही फोटो पाठवलाय त्या केसपेपरात आहे. दुसऱ्या भेटीच्या तारखेखाली डॉक्टरांच्याच अक्षरात ‘थुंकीत रक्त, ३ दिवस’. त्याखाली सिरप, आणि तीच गोळी तेवढीच चालू. एक्स-रे नाही, रक्ततपासणी नाही, मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी नाही. दुष्परिणाम कुणालाही होऊ शकतो. रक्त लिहून घेऊन गोळी का चालू ठेवली, हे मात्र त्यांना सांगावं लागेल.

तो कागद कुणाच्या हातात देऊ नका, द्यायची ती झेरॉक्स. नाशिकहून इनडोअर पेपर आणि ‘अँका’चा (रक्तवाहिन्यांच्या सुजेसाठीची रक्ततपासणी) रिपोर्ट लेखी मागा, अर्जाची पोच घ्या, मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे ७२ तासांत द्यावे लागतात. मग छातीच्या डॉक्टरांचं लेखी मत घ्या: दुसऱ्या भेटीलाच गोळी थांबली असती तर पुढचं किती टळलं असतं? आपले डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरविरुद्ध सहसा लिहून देत नाहीत, तेव्हा दोन-चार दारं ठोठवावी लागतील. पण या मताशिवाय तक्रार लंगडी.

तक्रार जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात, दोन वर्षांच्या आत. दिलेला मोबदला, म्हणजे उपचारासाठी मोजलेले पैसे, पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी लागत नाही. पोलिसांत जाऊ नका. सुप्रीम कोर्टाच्या जेकब मॅथ्यू निकालानंतर (२००५) फौजदारीला घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो, तेवढं इथे दिसत नाही.