मिडफिल्डर चांगला कोच होतोच का?

प्रश्न : फुटबॉलमध्ये सेंट्रल मिडफिल्डला, म्हणजे मैदानाच्या मधोमध, बरीच वर्षं खेळलो, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर खेळणं थांबलं. आता क्लबने १४ वर्षांखालची टीम सांभाळायला सांगितलंय. जो तो झाबी अलोन्सोचं, म्हणजे पुढे कोच झालेल्या स्पेनच्या मिडफिल्डरचं, नाव घेतो. मिडफिल्डरला कोचिंग जात्याच जमतं का? सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : जात्याच नाही जमत. अलोन्सोचं नाव घेणारे २०२४ पासून गोष्ट सांगतात, त्याआधीची पाच-सहा वर्षं गाळतात. २०१७ मध्ये बायर्न म्युनिककडून निवृत्त झाला तेव्हा त्याच्याकडे विश्वचषक होता, दोन युरो कप होते, लिव्हरपूल आणि रियाल माद्रिद या दोन्ही क्लबांकडून जिंकलेली चॅम्पियन्स लीग होती. तरी त्याने कोचिंग सुरू केलं ते रियाल माद्रिदच्या १४ वर्षांखालच्या मुलांपासून, म्हणजे तुमच्याच वयोगटापासून. मग २०१९ ते २०२२ रियाल सोसिएदादची बी टीम. ती २०२१ मध्ये दुसऱ्या डिव्हिजनमध्ये चढली आणि पुढच्याच मोसमात खाली आली. ऑक्टोबर २०२२ मध्ये जर्मनीतला लेव्हरकुसेन क्लब हाती आला तेव्हा ती टीम आठ सामन्यांत पाच गुण मिळवून तळातून दुसरी होती. २०२३-२४ ची बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची अव्वल लीग, याच टीमने एकही सामना न हरता जिंकली : २८ विजय, ६ बरोबरी.

मिडफिल्डरची खरी कमाई म्हणजे चेंडू पायाशी येण्याआधी मान वळवून बघण्याची सवय. पण ती अंगात इतकी मुरलेली असते की दुसऱ्याला सांगता येत नाही. मग कोच लाइनवरून नुसता "बघ, बघ!" ओरडतो आणि पोराला कळत नाही की बघायचं कधी.

ते असं शिकवा. १० बाय १० मीटरचा चौकोन आखा, चार जण कडांवर, दोघं आत चेंडू हिसकावायला. चार मिनिटं खेळ, एक मिनिट विश्रांती, मग आतले दोघं बदला. पहिली नजर चेंडू दोन साथीदारांमध्ये फिरत असताना टाकायची, दुसरी तो आपल्याकडे निघाल्यावर. शरीर अर्धं वळलेलं ठेवायचं आणि चेंडू लांबच्या पायावर घ्यायचा. मूल खरंच बघतंय का, हे तपासायला त्याच्या पाठीमागे उभे राहा आणि बोटं वर करा. चेंडू घेण्याआधी त्याने आकडा ओरडून सांगायचा.

दोन ठिकाणी हमखास बिघडतं. चौकोन लहान पडला की मुलं न बघताच चेंडू टोलवतात. लगेच १२ मीटर करा. आणि वन-टचची, म्हणजे एकाच स्पर्शात पास देण्याची, घाई नको. आधी हवे तेवढे टच घेऊ द्या, नंतर दोनच. जुलै-ऑगस्टमध्ये चिखलात चेंडू अडतो, तेव्हा तर टचवर बंधन घालूच नका. टर्फवर चेंडू पळतो, तिथे दोन टच चालतात.

फॉर्मेशनच्या, म्हणजे खेळाडूंच्या मांडणीच्या, मागे आत्ताच लागू नका. लेव्हरकुसेनच्या ३-४-२-१ मध्ये ग्रिमाल्डो आणि फ्रिम्पाँग हे खेळाडू कडेला पसरायचे म्हणून त्यांचा साथीदार विर्ट्झला आत जागा मिळायची. ती जागा दिसायला आधी मान वळावी लागते.

प्रश्न : कोचिंगचं लायसन्स आत्ता काढू की नंतर?

उत्तर : आत्ताच. एआयएफएफच्या, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या, डी लायसन्सपासून सुरुवात करा, पुढे सी, बी, ए आणि प्रो. वयानुसार सत्र कसं आखायचं ते तिथे मैदानावर करून दाखवावं लागतं आणि नेमकं तिथेच जुने खेळाडू अडखळतात. कोर्सच्या तारखा महाराष्ट्राच्या राज्य संघटनेकडे, म्हणजे विफाकडे विचारा.